मधुमेह, पिशवीचा कॅन्सर आणि व्यायाम: आईच्या बाबतीत काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५७ वर्षांची, काळाचौकीला राहते. ९ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, शेवटची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.२. उंची पाच फूट, वजन ७१ किलो. पाळी जाऊन चार वर्षं झाली. मावशीला नुकताच गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला, तिलाही मधुमेह आहे. मधुमेही बायकांना हा कॅन्सर जास्त होतो आणि व्यायामाने टळतो असं वाचलं, ते खरं का? आई म्हणते, दिवसभर घरातलं करते तोच माझा व्यायाम. गुडघेही दुखतात. दोन महिन्यांपूर्वी तिला एक-दोन दिवस डाग दिसला होता, पण उष्णतेने झालं असेल असं ती म्हणाली. मला स्वतःला पीसीओडी आहे, वय ३१, पाळी तीन-चार महिन्यांनी येते. मलाही धोका आहे का?

उत्तर:

डागाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. मी तिथूनच सुरुवात करते.

पाळी जाऊन वर्ष उलटलं की त्यानंतर अंगावरून लाल, गुलाबी, तपकिरी, कितीही थोडं गेलं तरी तपासून घ्यायचं असतं. एकदाच दिसलं, आपोआप थांबलं, काही दुखलं नाही, म्हणून ते सोडून देता येत नाही. उष्णता झाली, पपई खाल्ली, जड गादी उचलली, ही कारणं बायका मला कायम सांगतात. यातल्या एकाही कारणावर समाधान मानून घरी बसू नका. आईला याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. चालणं त्यासाठी थांबवायला नको, पण चालायला सुरुवात केली म्हणून तपासणी पुढे ढकलायची नाही.

हा कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाहीये. पाळी गेल्यावर असं रक्त दिसलेल्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. आतलं अस्तर पातळ, नाजूक झालेलं असतं किंवा छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर आलेली मऊ वाढ, असतो. पण उलटीकडून बघा: पाळी गेल्यानंतर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहा जणींपैकी नऊ जणींना असं रक्त गेलेलं असतं. म्हणजे हा आजार बहुतेक वेळा लवकर खूण देतो, आणि त्या खुणेवर वेळीच हालचाल झाली तर पुष्कळदा एका ऑपरेशनमध्ये बाई बरी होते. ती खूण उष्णतेच्या खात्यात टाकली की हातचा वेळ जातो.

तपासणीची भीती वाटत असेल तर काय होतं ते सांगते. आधी योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कॅन्सरची शक्यता अगदी कमी. जास्त असेल, किंवा पातळ असूनही पुन्हा रक्त गेलं, तर बायोप्सी. त्यासाठी शाईच्या रिफिलसारखी बारीक, लवचीक नळी पिशवीत घालून अस्तराचा नमुना ओढून घेतात. पाळीत येते तशी कळ येते, काही मिनिटांत संपतं, बहुतेक वेळा भूल लागत नाही आणि आई त्याच दिवशी घरी येते. काळाचौकीहून केईएम रुग्णालय जवळ आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागात हे सगळं होतं. खाजगीत करायचं असेल तर तेही चालेल, फक्त करा. आणि कोणी म्हणालं की मागच्या वर्षी पॅप स्मिअर नॉर्मल होती, तर त्यावर विसंबू नका. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. तिथला कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचं कारण वेगळं आणि तपासणीही वेगळी. अस्तराचा कॅन्सर पॅपमध्ये दिसेलच असं नाही.

मावशीच्या बाबतीत एक गोष्ट विचारून ठेवा: तिचं वय किती, आणि घरात कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला होता का? काही घराण्यांत हे दोन कॅन्सर एकाच जनुकीय दोषामुळे येतात. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, मग पुढचा विचार निराळा होतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाचलंत त्यातला पहिला भाग खरा आहे. टाइप २ मधुमेह असलेल्या बायकांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण पावणेदोन ते दोन पट दिसतो. दुप्पट म्हटलं की धस्स होतं. पण आपल्याकडे मुळात हा कॅन्सर स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तुलनेत बराच कमी आहे, त्यामुळे दुप्पट होऊनही बहुसंख्य मधुमेही बायकांना तो होत नाही. तरीही मी त्यावर एवढं बोलते, कारण २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाने देशात मधुमेही माणसं १० कोटींच्या पुढे मोजली आहेत. इतक्या लोकांत धोका थोडा वाढला तरी ओपीडीत तो दिसतो.

हे का होतं ते समजलं की व्यायाम कुठे लागू पडतो तेही कळेल. पिशवीचं अस्तर इस्ट्रोजेन या हार्मोनने वाढतं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्या वाढीला आवर घालतं. पाळी जाते तेव्हा बीजकोश काम थांबवतात, प्रोजेस्टेरॉन जवळपास संपतं. इस्ट्रोजेन मात्र पूर्ण संपत नाही, कारण चरबीच्या पेशी शरीरातल्या पुरुषी हार्मोनपासून ते थोडं थोडं बनवत राहतात. चरबी जितकी जास्त तितकं ते जास्त. वाढवणारं रोज हजर आणि आवरणारं कोणी नाही, असं वर्षानुवर्षं चाललं की अस्तर जाड होतं आणि काही जणींत पेशी बिघडायला लागतात.

यात मधुमेह भर घालतो तो इन्सुलिनमधून. लोकांना वाटतं मधुमेह म्हणजे इन्सुलिन कमी. टाइप २ मध्ये सुरुवातीची बरीच वर्षं ते उलट जास्त असतं, कारण शरीर त्याला दाद देत नाही आणि स्वादुपिंड आणखी आणखी सोडत राहतं. हे जादा इन्सुलिन अस्तराच्या पेशींना थेट वाढायला उद्युक्त करतं. शिवाय यकृतात एसएचबीजी नावाचं एक प्रथिन बनतं, ते इस्ट्रोजेनला बांधून ठेवतं. इन्सुलिन चढलं की हे प्रथिन उतरतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. म्हणजे पोटावरची चरबी आणि चढलेलं इन्सुलिन दोन्हीकडून अस्तराला खतपाणी मिळतं.

व्यायाम नेमका इथे उपयोगी पडतो. स्नायू काम करत असतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. नंतरही साधारण एक-दोन दिवस, कधी तीन दिवसांपर्यंत, तो इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतो, म्हणजे तेवढ्याच साखरेला कमी इन्सुलिन पुरतं. मग हा परिणाम ओसरतो. मधुमेहात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको असं सांगतात ते यासाठी. रविवारी शिवाजी पार्कला चार फेऱ्या आणि सोमवार ते शनिवार काही नाही, याचा फायदा बुधवारपर्यंत विरलेला असतो.

व्यायामाने कॅन्सर किती कमी होतो याचे आकडे मी आहेत तसे सांगते. २०१६मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या १२ अभ्यासांतली १४ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्या बायकांत अस्तराचा कॅन्सर सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा साधारण २१ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र वजनाचा फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत जवळपास मिटली. काही जण यावरून म्हणतात की व्यायामाचा उपयोगच नाही, सगळा खेळ वजनाचा. मला ते पटत नाही. व्यायाम वजन आटोक्यात ठेवतो, पोटावरची चरबी उतरवतो, आणि फायद्याचा मोठा भाग त्याच वाटेने येतो, असा मी त्याचा अर्थ लावते. फक्त मधुमेही लोकांवर अमेरिकेत लुक अहेड नावाची मोठी चाचणी झाली. आहार आणि व्यायाम काटेकोरपणे करणाऱ्या गटात लठ्ठपणाशी जोडलेले सगळे कॅन्सर मिळून १६ टक्क्यांनी कमी दिसले, पण योगायोगाने घडू शकेल इतपतच तो फरक होता. त्यामुळे व्यायामाने हा कॅन्सर टळतो, असं मी कोणत्याही पेशंटला सांगत नाही. धोका उतरवण्याचा तो चांगला मार्ग आहे, आणि हृदय, मूत्रपिंड, डोळे, पाय यांना त्याचा फायदा नक्की आहे, हे मात्र ठामपणे सांगते.

वजनाबद्दलचा पुरावा जास्त भक्कम आहे. आईचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३०च्या थोडा वर येतो. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पाळी गेलेल्या अमेरिकन बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात ठरवून वजन ५ टक्के किंवा जास्त कमी केलेल्यांना अस्तराचा कॅन्सर साधारण २९ टक्क्यांनी कमी झाला, आणि मुळात लठ्ठ असलेल्यांना फायदा त्याहून मोठा होता. आईच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे साडेतीन किलो. ७१ वरून साडेसदुसष्ट. साठ किलोचं स्वप्न दाखवून तिला नाउमेद करू नका, साडेतीन किलोवर बोला.

आता घरकामाचं. आईच्या कामाला मी कमी लेखत नाही, ती दमते हे खरंच आहे. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहून पाय भरून येतात, त्याने श्वास वाढत नाही. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, कपडे घडी करणं ही हलकी कामं. लादी पुसणं, वाकून झाडणं, बादल्या उचलणं याची थोडी भर पडते, आणि नेमकी तीच कामं आता बऱ्याच घरांत बाई करते. परीक्षा सोपी आहे: काम करताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढला तर तो व्यायाम. तशी आठवड्याला किमान १५० मिनिटं हवी आहेत, आणि त्याशिवाय दोन-तीन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम.

तुमच्या आईला मी पहाटेच्या फिरण्यापासून सुरुवात करायला सांगणार नाही. जेवणानंतरचं चालणं द्या. दुपारी आणि रात्री जेवून उठल्यावर १० ते १५ मिनिटं. गॅलरीत, इमारतीच्या पॅसेजमध्ये, टेरेसवर, कुठेही. जेवणानंतर चढणारी साखर याने लगेच उतरते आणि ते तिला घरच्या ग्लुकोमीटरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. एका रात्री वरण-भात-भाजी जेवून टीव्हीसमोर बसायचं आणि दोन तासांनी शुगर बघायची. दुसऱ्या रात्री तेच तेवढंच जेवून चालायचं आणि दोन तासांनी बघायची. माझ्या पेशंट बायकांना हे दोन आकडे माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त पटतात. पावसाळ्यातही हे बंद पडत नाही. मुंबईत जूनमध्ये छत्री उघडली की बायकांचं चालणं बंद होतं ते थेट गणपतीनंतर सुरू होतं, आणि तेवढ्यात एचबीएवनसी वर गेलेली असते.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला मी खुर्चीवरून उठ-बस शिकवते. मागे भिंत असेल अशी भक्कम खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची नको, ती सरकते. बैठकीवर जाड घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवा, उंच बैठकीमुळे गुडघ्यावर भार कमी येतो. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा जमिनीला टेकलेल्या. छाती पुढे न्यायची, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की टाचांवर जोर देऊन उठायचं. बसताना धपकन अंग टाकायचं नाही, मनात चार मोजत हळूहळू टेकायचं. फायदा त्या हळू बसण्यातच आहे. पाच वेळा जमलं तरी पुरे, मग आठ, मग दहा, आणि काही आठवड्यांनी चादरीची एक घडी काढायची. हातांसाठी ओट्याला तळवे टेकवून, पावलं मागे घेऊन, छाती ओट्याकडे नेऊन परत यायचं. चहाला उकळी येईपर्यंत हे होतं. मांडीच्या पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघेदुखी बहुतेकींची कमी होते, म्हणून गुडघे दुखतात हे कारण या व्यायामाच्या आड येत नाही. गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकत असेल तर मात्र आधी ऑर्थोपेडिककडे दाखवा.

काही खबरदारी आईच्या औषधांमुळे घ्यावी लागेल. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर सहसा घसरत नाही, ग्लिमेपिराइडने घसरू शकते. उपाशीपोटी लांब चालायला जायचं असेल तर आधी तपासा, ९०च्या खाली असेल तर काही खाऊन मगच निघा. कनवटीला ग्लुकोज पावडरची पुडी असू द्या. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. असं वारंवार व्हायला लागलं तर व्यायाम थांबवू नका, डॉक्टरांना सांगून गोळीचा डोस कमी करून घ्या. नऊ वर्षांच्या मधुमेहात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली हवी, पडद्यात रक्तस्राव असेल तर वजन उचलणं टाळतात. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. आणि चौपाटीच्या वाळूत अनवाणी चालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, काच घुसली तरी कळत नाही. बंद बूट, सुती मोजे आणि रात्री झोपताना तळव्यांवर एक नजर.

ओळखीपाळखीतून दोन सल्ले हमखास येतील. एक, पिशवी काढून टाका म्हणजे चिंता मिटली. तपासणीत काही निघालं नाही तर केवळ मधुमेह आहे म्हणून पिशवी काढू नये. मधुमेही शरीराला ऑपरेशनचाही धोका असतो. दुसरा, दर वर्षी सोनोग्राफी करत राहा. काही लक्षण नसताना त्याचा उपयोग नाही, उगाच बायोप्स्या मागे लागतात. पुन्हा रक्त गेलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. मेटफॉर्मिन चालू आहे म्हणून कॅन्सरपासून संरक्षण आहे असंही समजू नका, त्याबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

मावशीचे उपचार झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांना विचारून त्यांनाही हळूहळू चालायला लावा. लवकर सापडलेला अस्तराचा कॅन्सर बरा झालेल्या बायकांत पुढे मृत्यूचं मोठं कारण हृदयविकार हे असतं. त्यांना मधुमेहही आहे, म्हणून जास्त महत्त्वाचं.

आता तुमचं. पीसीओडीत बीज नियमित बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. तुमच्या आईच्या शरीरात पाळी गेल्यावर जे होतंय त्याचीच एक आवृत्ती तुमच्याकडे तिशीत चालू आहे. पीसीओडी असलेल्यांत अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण तिप्पट आढळतो. ३१व्या वर्षी तो प्रत्यक्षात फार कमी आहे, झोप उडवण्याचं कारण नाही. पण पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबली की ती औषधाने आणावी लागते, म्हणजे साचलेलं अस्तर बाहेर पडतं. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, गर्भनिरोधक गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू पिशवीत बसवता येते. मूल हवंय की नाही यावर निवड ठरते, त्यामुळे जाताना ते ठरवून जा. लग्न झालं की पाळी आपोआप नीट होईल, मूल झालं की सुटेल, असं कोणी सांगितलं असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

तुम्ही तुमचं वजन लिहिलेलं नाही. बारीक असाल तरी शुगर तपासा. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छापली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली अंगकाठी अशी फसवी असते. आई आणि मावशी दोघी मधुमेही, त्यात पीसीओडी, म्हणून तुम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी करून घ्या, नुसत्या उपाशीपोटीच्या शुगरवर थांबू नका. रात्री जेवल्यावर आईबरोबर किंवा फोनवर तिच्याशी बोलत तुम्हीही पंधरा मिनिटं चाला. पीसीओडीत इन्सुलिन उतरलं की बऱ्याच जणींची पाळी जवळ यायला लागते. गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा आठवतील तशा कागदावर लिहा आणि आईला तपासायला न्याल तेव्हा त्याच डॉक्टरांना दाखवा.